चेअरमन्स अवॉर्डचं नाव बदललं तेव्हा

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. दिवसभर लेथवर उभं राहून आले, तरी कुस्त्या असल्या की मला सायकलच्या दांडीवर बसवून खासबागेत न्यायचे. तिथला हिशेब सरळ होता. ज्यानं अस्मान दाखवलं त्याचा फेटा, त्याचा मान. हरलेला मल्ल अंगावरची माती झाडत गर्दीत मिसळून जायचा.

त्यामुळे डेट्रॉइटजवळच्या एका शाळेच्या जिममध्ये मी पहिल्यांदा 'फर्स्ट'ची रोबोटिक्स स्पर्धा पाहिली, तेव्हा शेवटचा अर्धा तास मला उमगेचना. अंतिम सामना संपला होता, जिंकलेल्या टीम नाचून दमल्या होत्या, तरी कुणी जागचं हलत नव्हतं. सर्वांत मोठा मान अजून जाहीर व्हायचा होता. निवेदक कोड्यासारखा एकेक मजकूर वाचत होता आणि प्रत्येक वाक्याला गॅलरीत कुठे ना कुठे कुजबुज उठत होती. शेवटी नाव आलं ते अशा टीमचं, जिचा रोबो दुपारीच बाद झाला होता. पोरं रडत, हसत खाली धावली. पंच आणि परीक्षक दोन रांगा करून हात उंचावून उभे होते आणि प्रत्येकाला टाळी देत ती मुलं पुढे गेली. तो 'चेअरमन्स अवॉर्ड' होता.

२०११पासून मी स्वतः परीक्षकांचा निळा शर्ट घालते आहे. या मानांची नावं, त्यांची वजनं, त्यांच्या मागण्या माझ्या डोळ्यांदेखत बदलल्या. त्या आधीचा इतिहास मी टीमना शिकवणाऱ्या जुन्या मेंटॉरांना विचारून, वाचून गोळा केला.

डीन केमन या संशोधकानं १९८९मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थच 'विज्ञान-तंत्रज्ञानासाठी प्रेरणा आणि मान' असा आहे. मान हा शब्द पहिल्या दिवसापासून पाटीवर होता. पहिली स्पर्धा १९९२मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावी, एका हायस्कूलच्या जिममध्ये झाली. २८ टीम होत्या. मैदानावर मक्याच्या दाण्यांचा थर पसरला होता आणि त्यात चाकं रुतवत, घसरवत टेनिसचे चेंडू गोळा करायचे होते. केमनचे जोडीदार होते एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स. आपल्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना ते सटरफटर वस्तूंची एकसारखी पेटी देत आणि तिच्यातून यंत्र बनवून एकमेकांशी झुंजायला लावत. जीव तोडून झुंजायचं, पण समोरच्याचा स्क्रू निसटला तर आपला पाना पुढे करायचा, ही त्यांची शिकवण या स्पर्धेची रीत झाली.

जिंकण्यापेक्षा मोठा मान ठेवण्याची कल्पना या रीतीतूनच आली, असं मला वाटतं. चेअरमन्स अवॉर्डसाठी रोबो कसा चालतो याला महत्त्व नसायचं. टीमनं गेल्या काही वर्षांत काय केलं, किती लहान मुलांच्या टीम उभ्या केल्या, शेजारच्या शाळेला हात दिला का, हे बघायचं. दहा हजार अक्षरांत बसेल असा निबंध लिहायचा आणि तीन मुलांनी बंद खोलीत परीक्षकांसमोर मांडणी करायची. एखादा मेंटॉर आत बसू शकतो, पण त्यानं तोंड उघडायचं नाही. मी त्या खोलीत अनेकदा बसले आहे. मांडणी पाठ केलेली असते, ती संपते, आणि मग आपण एक साधा प्रश्न विचारतो. तिथून पुढचं खरं असतं.

१९९६मध्ये फ्लॉवर्सच्या नावानं मेंटॉरांसाठी एक पारितोषिक सुरू झालं. ते सुरू केलं विल्यम मर्फी या वैद्यकीय उपकरणांच्या संशोधकानं. शिफारस मुलांनीच करायची, निबंधही मुलांनीच लिहायचा. गुरूचा मान शिष्यानं ठरवायचा! आपल्याकडे गुरुपौर्णिमेला हार घालतो, पण कोणत्या गुरूनं नेमकं काय शिकवलं हे कागदावर लिहून देत नाही. २०१०मध्ये उलट्या दिशेचा मान आला, 'डीन्स लिस्ट'. यात मेंटॉर आपल्या टीममधल्या दोन मुलांची नावं देतात. फ्लॉवर्स २०१९च्या ऑक्टोबरमध्ये गेले. त्यांच्या नावाचा निबंध मात्र मुलं अजून दरवर्षी लिहितात.

मिशिगननं २००९मध्ये जो बदल केला, त्याबद्दल माझं मन अजून दुभंगलेलं आहे. त्याआधी टीमना मोठ्या विभागीय स्पर्धेत जावं लागे आणि खर्च भारी असे. मिशिगननं शाळांच्या जिममध्ये छोट्या जिल्हा स्पर्धा भरवल्या, तेवढ्याच प्रवेशशुल्कात दोन स्पर्धा खेळायला मिळू लागल्या आणि गुणांवरून राज्य स्पर्धेत जागा ठरू लागली. लहान गावातल्या टीम यामुळे जगल्या, हे मी पाहिलं आहे. पण गुण मानांनाही चिकटले. सर्वोच्च मानाला १०, इतर बऱ्याच पारितोषिकांना ५. एका वर्षी पिटमध्ये, म्हणजे टीमच्या कामाच्या दहा फूट चौकोनात, मी एका मुलाला त्याच्या गिअरबॉक्सबद्दल विचारत होते. दात त्यानं स्वतः कापले होते आणि बॅकलॅश, म्हणजे दातांमधली ढिलाई, कमी करायला तीन वेळा पुन्हा कापले होते. इतकं छान सांगत होता, आणि मध्येच थांबून म्हणाला, "बाई, या अवॉर्डचे किती गुण असतात?" मला वाईट वाटलं, त्याचं नाही, आमचं. मानाला आम्हीच किमतीची चिठ्ठी लावली होती.

मार्च २०२०मध्ये साथीनं हंगाम अर्ध्यावर तुटला. त्या वर्षापासून धाकट्या स्पर्धेत, 'फर्स्ट टेक चॅलेंज'मध्ये, परीक्षकांसमोरची जाडजूड अभियांत्रिकी वही गेली आणि १५ पानांचा नेटका पोर्टफोलिओ आला. कारण मला पटतं, दोनशे पानं चाळायला परीक्षकाला वेळ कुठला? पण त्या वह्यांवर तेलाचे डाग असायचे, खोडलेली मापं असायची, रात्री अकराला वैतागून लिहिलेली ओळ असायची. वडिलांच्या खिशातली वही तशीच होती. पोर्टफोलिओत चुका सापडत नाहीत, आणि मला तर चुकाच वाचायच्या असतात.

मग २०२२मध्ये जाहीर झालं की पुढच्या हंगामापासून चेअरमन्स अवॉर्ड नाही, 'फर्स्ट इम्पॅक्ट अवॉर्ड'. त्याच सुमारास उद्योजकतेचं पारितोषिकही बदलून टीम टिकवण्याचं झालं. पैसा उभा करण्याइतकीच पुढची पिढी तयार करण्याची बाजू त्यात आली, ते चांगलंच झालं. चेअरमनवरून मात्र आमच्या परीक्षकांत वाद झाले. एक जुने सहकारी, तीस वर्षं मेंटॉर असलेले, म्हणाले की या नावासाठी माझी पोरं रात्री जागली आहेत, ते असं पुसू नका. त्यांचं दुःख मला कळतं. तरीही नाव बदललं ते योग्य झालं, असं मी तेव्हाही म्हणाले. खुर्चीच्या नावानं मान द्यायचा की केलेल्या कामाच्या? आणि ज्या खोलीत तीनपैकी दोन वेळा मुलीच बोलताना मी ऐकल्या, तिथल्या सर्वांत मोठ्या शब्दात पुरुष कशाला हवा होता?

मी जिथे अधूनमधून मदतीला जाते, त्या शाळेच्या जिममध्ये निळे बॅनर टांगलेले आहेत. एकावर जुनं नाव, शेजारी एकावर नवं. जुन्याचा निळा रंग खिडकीच्या बाजूनं विटला आहे. गेल्या हिवाळ्यात सहावीतली एक मुलगी, हातात षट्कोनी शाफ्टचा तुकडा घेऊन, मान वर करून ते वाचत होती.

"हा चेअरमन कोण होता?" तिनं विचारलं.

मी तिला शेजारी बसवलं आणि मक्याच्या दाण्यांपासून सुरुवात केली.