मुक्तलेखन (शोधलेखनाच्या आरंभासाठी)

मुक्तलेखन : ठरावीक वेळ, साधारणतः १० मिनिटे, हात न थांबवता सलग लिहिण्याची पद्धत. या वेळात शुद्धलेखन, मुद्द्यांचा क्रम यांकडे पाहायचे नसते. खोडायचे नसते, मागचे वाचायचेही नसते. काही सुचेना, तर ‘काही सुचत नाही’ हेच पुनःपुन्हा लिहायचे. प्रबंधाचे वा शोधनिबंधाचे पहिले वाक्यच अडून बसते, तेव्हा ही पद्धत विशेष उपयोगी पडते.

अमेरिकन लेखिका डोरोथिया ब्रँड यांनी १९३४ मध्ये, झोपेतून उठताच लिहायला बसावे, असे सुचवले होते. पण तो सल्ला ललित लेखकांसाठी होता. विद्यापीठांत ही पद्धत रुजली ती पीटर एल्बो यांच्या ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ (१९७३) या पुस्तकामुळे. हार्व्हर्डमध्ये पीएच.डी. करताना लिहिणेच अशक्य झाल्याने एल्बो यांनी शिक्षण सोडले होते. पुढे ब्रँडाइस विद्यापीठात त्यांनी चॉसरवरचा प्रबंध पूर्ण केला. त्यांच्या विवेचनाला या झगड्याचे बळ आहे. सुचणे आणि पारखणे ही दोन्ही कामे हवीतच, पण ती एकाच वेळी करू गेले की दोन्ही बिघडतात, असे ते सांगतात.

लिहिणे का अडते, याविषयी संशोधक माइक रोझ यांनी १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील १० विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लिहिताना अडणारे पाच जण कुवतीने कमी नव्हते, ते नियमांना जखडलेले होते. पहिल्याच परिच्छेदाने वाचकाला धरून ठेवले पाहिजे, हा त्यांतला एक नियम. उरलेल्या पाचांकडेही नियम होते, मात्र गरज पडेल तिथे ते त्यांना मुरड घालत. आपल्याकडे ‘आधी प्रस्तावनेचे प्रकरण’ हा आग्रह असाच नडतो. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर तर प्रस्तावना शेवटी लिहा म्हणतात, आणि ते रास्त आहे : जे अजून लिहिलेच नाही, त्याची ओळख करून कशी देणार?

मुक्तलेखनातून तयार मसुदा मिळत नाही. लिहून झाल्यावर ते वाचावे, कामाच्या ओळी अधोरेखित कराव्यात आणि त्यांतला एखादा प्रश्न घेऊन पुन्हा १० मिनिटे लिहावे. वाचन वा क्षेत्रकार्यच झाले नसेल, तर ही पद्धत ती उणीव भरून काढत नाही.

मराठीत शोधलेखन करणाऱ्यांना एल्बो यांचा आणखी एक विचार मोलाचा आहे. ‘व्हर्नाक्युलर एलोक्वन्स’ (२०१२) मध्ये ते पहिला खर्डा बोलीत लिहू द्यावा, प्रमाण रूप नंतर द्यावे, असे मांडतात. घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या विद्यार्थ्याचे विचार पुष्कळदा प्रमाणभाषेच्या धास्तीनेच अडतात. असा बोलीतला कच्चा खर्डा मार्गदर्शकांनी आवर्जून मागावा आणि पहिल्या वाचनात त्यावर लाल शाई चालवू नये.