कोणाचीच हरकत नसताना

मागच्या दोन व्याख्यानांत आपण दत्तक आणि वाटणी यांचा इतिहास पाहिला. आज मृत्युपत्र. त्यातही भांडणाचं नव्हे. ज्यावर कोणाचंच काही म्हणणं नाही असं मृत्युपत्र.

विषय निवडला त्याला कारण घरचंच आहे. आमच्या दादाने लग्न केलं नव्हतं. मुंबईतली त्याची दोन खोल्यांची जागा त्याने मृत्युपत्राने ताईला दिली. शेवटची अकरा वर्षं तिनेच त्याचं सगळं केलं होतं. मृत्युपत्र नसतं तर जागेचे चार वाटे झाले असते, एक ताईचा आणि तीन आम्हा भावांचे. तेराव्यालाच आम्ही तिघांनी "आमची हरकत नाही" असं सांगून टाकलं. तरी वकील म्हणाले, प्रोबेट घ्यावं लागेल, कोर्टात मृत्युपत्र सिद्ध करावं लागेल. ताई म्हणाली, "अरे, नाही म्हणणारं कोणी नाही, मग सिद्ध कोणापुढे करायचं?"

तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची हयात गेली, पण या प्रश्नापुढे आम्ही गप्प झालो. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन सांगतो की, जे मुळीच ठाऊक नाही तिथे न्याय चालत नाही, जे ठरलेलंच आहे तिथेही चालत नाही. तो चालतो संशय असेल तिथे. इथे तर संशय घेणाराच नाही. प्रतिवादी नाही आणि तरी साक्षीपुरावा! ही रीत आली कुठून?

आली इंग्लंडहून, आणि तिथे ती होती चर्चच्या न्यायालयांकडे. 'प्रोबेट' या शब्दाचं मूळ लॅटिन, अर्थ 'सिद्ध केलेले'. एक बिनविरोध मृत्युपत्र तर जगाला ठाऊक आहे: शेक्सपिअरचं. तीन कागद, तिन्हींवर सह्या. तारखेत आधी जानेवारी लिहिलेला, तो खोडून मार्च केलेला. बायकोला दिलेला तो प्रसिद्ध पलंग दोन ओळींच्या मध्ये मागाहून घातलेला. आज असा कागद घेऊन गेलात तर वकील डोक्याला हात लावतील. शेक्सपिअर 23 एप्रिल 1616 रोजी वारला. 22 जूनला त्याचा जावई जॉन हॉल कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयाच्या अधिकाऱ्यापुढे उभा राहिला, त्याने शपथ घेतली आणि प्रोबेट मिळालं. मुलगी सुझाना हीसुद्धा व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, होती. ती येईल तेव्हा तिचा अधिकार राखून ठेवला आहे, अशी नोंद कागदाच्या शेवटी आहे. संपलं. विरोध नसेल तर व्यवस्थापकाची शपथ पुरेशी, साक्षीदार बोलवायला नकोत, अशी ती साधी पद्धत. भांडण असलं किंवा पुढे होईल अशी भीती असली तरच साक्षीदार आणून रीतसर सिद्ध करायचं. 1857 च्या कायद्याने हे काम चर्चकडून काढून सरकारी न्यायालयाकडे दिलं गेलं.

आता आपल्याकडे या. धर्मशास्त्रात दान आहे, दत्तक आहे, विभाग आहे. मेल्यानंतर अमलात येणारं इच्छापत्र मात्र नाही. मिताक्षरा मानणाऱ्या आपल्या मुलखात मुलाचा वडिलार्जित मालमत्तेवर जन्मापासूनच हक्क. मग मरताना देणार कोण आणि काय? 1726 च्या सनदेने मुंबईत मेयर्स कोर्ट आलं, त्याला प्रोबेट देण्याचा अधिकार होता, पण तो गोऱ्यांच्या गरजेपोटी. पुढे शहरात व्यापार वाढला, स्वकष्टार्जित पैसा आला आणि हिंदू लोकही मृत्युपत्रं करू लागले. 1865 चा वारसा कायदा हिंदूंना लागू नव्हता. ती उणीव 1870 च्या हिंदू विल्स ॲक्टने भरून काढली. पण कुठे? बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या मुलखात आणि मद्रास व मुंबई या शहरांत. बस्स! हीच चौकट पुढे 1925 च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम 57 आणि 213 मध्ये उतरली. त्यामुळे गंमत अशी झाली की, पुणेकराने पुण्यात बसून पुण्याच्या वाड्याचं मृत्युपत्र केलं तर प्रोबेटची सक्ती नाही. त्याच पुणेकराची गिरगावात जागा असली तर आहे. दादाचा कागद कोर्टात गेला तो या जुन्या नकाशामुळे. शिवाय मुसलमानांना ही सक्ती कधीच नव्हती, आणि भारतीय ख्रिश्चनांची 2002 मध्ये गेली.

पुण्यात सक्ती नव्हती म्हणून कोणी प्रोबेट घेतच नव्हतं, असं मात्र नाही. सरदार बाबामहाराज 1897 च्या ऑगस्टमध्ये पटकीने वारले. मृत्युपत्रात त्यांनी कारभार ज्यांच्यावर सोपवला त्यांत लोकमान्य टिळक होते, दादासाहेब खापर्डे होते. रीतीप्रमाणे प्रोबेट घेतलं गेलं. आणि 1901 मध्ये बाबामहाराजांच्या पत्नी ताईमहाराज यांनी ते रद्द करण्यासाठी अर्ज केला! त्या अर्जाच्या चौकशीतून टिळकांवर फौजदारी खटला उभा राहिला, 1903 मध्ये शिक्षा झाली, 1904 च्या मार्चमध्ये हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, आणि दत्तकाचा वाद 1915 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने मिटवला. तोवर अठरा वर्षं गेली होती. हे सांगतो ते एवढ्यासाठी की, आज कोणाची हरकत नाही याचा अर्थ उद्या नसेल असा होत नाही. म्हणूनच मिळालेलं प्रोबेट सबळ कारण असल्यास रद्द करण्याची सोय कायद्याने ठेवली आहे.

आता ताईचा प्रश्न. त्याचं उत्तर आम्हाला सापडलं ते सुप्रीम कोर्टाच्या 1958 च्या नोव्हेंबरमधल्या एका निकालात. निकाल न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांचा, साताऱ्याचे, संस्कृत पंडितांच्या घरातले. खटला म्हैसूरकडचा होता आणि चांगलाच लढवलेला होता, पण त्यात मांडलेलं तत्त्व सगळ्यांना लागू आहे. इतर दस्तऐवज लिहिणारा कोर्टात येऊन हो किंवा नाही म्हणू शकतो. मृत्युपत्र बोलू लागतं तेच लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर. 'हे माझंच' किंवा 'हे माझं नव्हे' असं सांगायला तो नसतो. म्हणून न्यायालयाच्या मनाचं समाधान व्हावं लागतं, आणि ती जबाबदारी कागद पुढे आणणाऱ्याची. म्हणजे बघा, वात्स्यायन चुकला नव्हता. संशय घेणारा आहे. तो खुर्चीवर बसलेला आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने तो संशय घेतो.

गोव्यात हाच पेच पोर्तुगीजांनी उलट्या टोकाने सोडवला. तिथे मृत्युपत्र नोटरीपुढे, त्याच्या वहीत, माणूस जिवंत असतानाच नोंदवलं जातं. खात्री आधी, मरण नंतर. आम्हाला विचाराल तर ही पद्धत जास्त शहाणपणाची वाटते.

असो. आमचं काय झालं ते सांगतो. मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात, आणि सिद्ध करताना त्यातला एक तरी लागतो. एक डॉक्टर होते, ते दादाच्या आधीच गेले. दुसरे शेजारचे काका. नव्वदीच्या घरातले, मुलीकडे नाशिकला. आम्ही गेलो. त्यांनी भिंग लावून सही पाहिली, दादाचीही आणि स्वतःचीही. मग हळूच म्हणाले, "पण आत काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं रे. त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही." त्यांना वाटलं, आपण मोठा गुन्हा केला. साक्षीदाराला मजकूर ठाऊक असावा लागत नाही. मृत्युपत्र करणाऱ्याने सही केलेली त्याने पाहिली आणि त्याच्यासमोर आपली केली, एवढं बास. हे पटवायला वकिलांना अर्धा तास लागला.

मग राहिली आम्हा तिघांची संमतीची प्रतिज्ञापत्रं. तेराव्याला तोंडाने 'हरकत नाही' म्हणणं निराळं. आपला चौथा वाटा सोडतो आहोत हे वाचून त्याखाली सही करणं निराळं. आमच्यातल्या एकाने तो कागद आठ दिवस टेबलावर तसाच ठेवला. कोणी, ते सांगत नाही. त्याला पैशाची गरज होती असंही नव्हतं. नवव्या दिवशी सही झाली. नोटीस लागली, मुदत गेली, कॅव्हेट आलं नाही. आलं असतं तर अर्जाचा दावा झाला असता. प्रोबेट मिळालं. मृत्युपत्राची प्रत जोडलेला तो शिक्क्याचा कागद आता साऱ्या जगाला बांधतो. उद्या ताईकडून जागा घेणाऱ्या परक्या माणसालाही मृत्युपत्र खरं की खोटं हे नव्याने तपासायला नको.

2025 च्या डिसेंबरमध्ये संसदेने कलम 213 काढून टाकलं. 1870 पासून चालत आलेली मुंबईची सक्ती गेली. झालं ते योग्यच झालं. एका शहराला एक न्याय आणि शेजारच्याला दुसरा, याला काही अर्थ नव्हता. ज्याला हवं तो अजूनही प्रोबेट मागू शकतो, ते दार बंद झालेलं नाही.

ही बातमी आम्ही ताईला फोनवर सांगितली. म्हटलं, दादा आत्ता गेला असता तर हे सगळं करावंच लागलं नसतं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग तुमच्या त्या तीन सह्या झाल्या असत्या का रे?"

बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतले कोणीतरी मघापासून हात वर करून बसले आहेत.