रूझवेल्ट कुटुंबातील १४ फेब्रुवारी

थिओडोर रूझवेल्ट यांची १८८४ची डायरी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेली आहे. १४ फेब्रुवारीच्या पानावर एक मोठी फुली आणि तिच्याखाली, आयुष्यातला उजेड गेला अशा अर्थाचे एकच वाक्य. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या ५७व्या रस्त्यावरील एकाच घरात पहाटे त्यांची आई मार्था गेली आणि दुपारी पत्नी अ‍ॅलिस. सासू ४८ वर्षांची, सून २२ वर्षांची. आईला विषमज्वर, अ‍ॅलिसला मूत्रपिंडाचा विकार.

दोन मृत्यूंची तारीख जुळण्याची शक्यता ३६५त एक, असा हिशोब लोक चटकन मांडतात. या घटनेला तो लागू पडत नाही, हे कागदपत्रेच सांगतात. अ‍ॅलिसने ११ फेब्रुवारीला नवऱ्याला पत्र लिहिले. तो तेव्हा ऑल्बनीला विधिमंडळाच्या कामात होता. सासूबाईंचा ताप अजून उतरलेला नाही, ही काळजी त्या पत्रात आहे. दुसऱ्याच दिवशी, १२ तारखेला, अ‍ॅलिस बाळंत झाली. म्हणजे एक जीव आधीच तापाने ग्रासलेला, दुसरा बाळंतपणाच्या उंबरठ्यावर, आणि त्या बाळंतपणामागे मूत्रपिंडाचे दुखणे दडलेले. दोघींवरचे संकट त्याच आठवड्यात येऊन ठेपले होते. दोन्ही मृत्यू एका पंधरवड्यात होणारच होते असे क्षणभर धरले, तर तारीख जुळण्याची शक्यता सुमारे १५त एक उरते. आजार मात्र वेगवेगळे होते. एकाने दुसरा ओढवून आणला नाही. योगायोग म्हणायचा तो एवढ्यापुरताच.

याच घरातली दुसरी जुळणी तर योगायोगच नव्हे. थिओडोर आणि अ‍ॅलिस यांचे लग्न २७ ऑक्टोबर १८८० रोजी झाले आणि तोच थिओडोर यांचा २२वा वाढदिवस होता. लग्नाची तारीख माणसे ठरवतात. वंशावळीत अशी जोडी दिसली की तिला शक्यतेच्या गणितातून आधी वगळायला हवे.

आता सगळे कुटुंब घेऊ. आईवडील, त्यांची चार मुले, थिओडोर यांच्या दोन पत्नी आणि सहा अपत्ये, अशी १४ माणसे. प्रत्येकाची जन्मतारीख आणि मृत्युतारीख धरली, तर २८ तारखा होतात आणि त्यांतून ३७८ जोड्या पडतात. तारखा वर्षभर सारख्या विखुरल्या आहेत असे मानले, तर निदान एक जोडी जुळण्याची शक्यता जवळपास ६५ टक्के येते. प्रत्यक्षात या २८ तारखांत एकच जोडी जुळते, ती १४ फेब्रुवारीची. एवढ्या मोठ्या कुटुंबात एखादी तारीख जुळणे नवलाचे नाही. ती एकाच वर्षी, एकाच घरात जुळली, म्हणून ती सांगितली जाते.

लग्ने यादीत आणली की आणखी एक जोडी निघते. १२ फेब्रुवारीला जन्मलेली ती मुलगी, तिचेही नाव अ‍ॅलिस, १७ फेब्रुवारी १९०६ रोजी व्हाइट हाउसमध्ये विवाहबद्ध झाली. तिची आत्या कॉरीन १७ फेब्रुवारी १९३३ रोजी वारली. ही जुळणी कुणी सांगताना आढळत नाही.