घरचा करंडक आणि देशाचा करंडक

जो घरच्या आखाड्यात जिंकतो तो बाहेरही जिंकेलच, असे आपण सहज धरून चालतो. पण हा हिशेब दरवेळी जुळतोच असे नाही. अमेरिकेतील कॉलेजांच्या बास्केटबॉलचा इतिहास पाहा.

जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे पीच फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. पुढे तिकडच्या कॉलेजांनी आपापले गट बांधले. अशा गटाला 'कॉन्फरन्स' म्हणतात. गटातले संघ हंगामभर एकमेकांशी झुंजतात, अखेरीस गटाची बाद पद्धतीची स्पर्धा होते, आणि मग साऱ्या देशाची. ही राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली.

खरी गोम पुढेच आहे. १९७४ पर्यंत या राष्ट्रीय स्पर्धेत एका गटातून एकच संघ जाई. बहुतेक गट हंगामात अव्वल ठरलेला संघ पाठवीत. पूर्व किनाऱ्यावरच्या 'अटलांटिक कोस्ट' गटाने मात्र १९५४ पासून सारी भिस्त शेवटच्या स्पर्धेवर ठेवली. हंगाम कितीही गाजवा, तिथे पाय घसरला की सगळे मुसळ केरात! १९७० साली साउथ कॅरोलायनाने गटातले चौदाच्या चौदा साखळी सामने जिंकले, आणि स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून ४२-३९ अशी हार खाल्ली. वर्षाची मेहनत तीन गुणांत बुडाली.

१९७४ सालची गोष्ट तर आणखी चटका लावणारी. ९ मार्चला ग्रीन्सबरो येथे नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि मेरिलँड यांची गाठ पडली. दोन्ही संघ देशातल्या अग्रगण्य संघांत मोडणारे. जादा वेळेत स्टेटने १०३-१०० असा सामना मारला. मेरिलँडला राष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद झाले. इकडे स्टेटने पंधरवड्याने त्याच ग्रीन्सबरोत, सलग सात वर्षे विजेता असलेल्या यूसीएलएला उपांत्य सामन्यात हरवले आणि पुढे करंडकही जिंकला. आणि गंमत अशी, की यूसीएलएच्या गटात तेव्हा अशी स्पर्धा होतच नव्हती. देशाचा हा सम्राट घरच्या करंडकासाठी कधी उतरलाच नव्हता!

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, राष्ट्रीय स्पर्धेत ३२ संघ झाले आणि एका गटातून दुसऱ्या संघालाही वाट मिळाली. १९८५ मध्ये संघ ६४ झाले. मोठ्या गटातल्या बलवान संघांना प्रवेशाची धास्ती उरली नाही. लहान गटांना मात्र गटाचा करंडक हेच बहुधा एकमेव दार राहिले.

मग घरचा विजय बाहेर कामी येतो का? २०११ साली कनेक्टिकट आपल्या गटात नववे होते. पाच दिवसांत पाच सामने जिंकून त्यांनी गटाचा करंडक घेतला, आणि त्याच झपाट्यात देशाचाही. उलट, २०१८ साली व्हर्जिनियाने गटाचा करंडक जिंकला, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात बाल्टिमोर काउंटीच्या लहानशा संघाकडून ७४-५४ असा सपाटून मार खाल्ला. पुढच्या वर्षी तेच व्हर्जिनिया गटाच्या उपांत्य सामन्यात हरले, अन् देशात पहिले आले!

याचे कारण उघड आहे. घरच्या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याच्या साऱ्या खोडी पाठ असतात. हंगामात त्याच्याशी दोन हात झालेले असतात. बाहेर अनोळखी संघ समोर येतो, त्याचे डाव समजून घ्यायला एक-दोन दिवस मिळतात, आणि चूक सुधारायला दुसरा सामना नसतो. एका परीक्षेत ओळखीची कसोटी, दुसरीत अनोळखीची.

म्हणून एका परीक्षेच्या निकालावरून दुसरीचे भाकीत करू नये, हे खरे. पण एका परीक्षेत चुकले म्हणून दुसरीला बसूच द्यायचे नाही, हा त्याहून मोठा अन्याय. १९७४ च्या मेरिलँडला तो सोसावा लागला.