न्यायालय, मनोविकार आणि घरातले कागद

आपल्या जामबागेत कुणाला चिडवायचे झाले तर ‘एर्रागड्ड्याला पाठवा’ म्हणतात. पुण्याचे पाहुणे हेच ‘येरवडा’ म्हणून सांगतात आणि मुंबईकर ‘ठाणे’ म्हणून. एर्रागड्ड्याच्या मनोरुग्णालयाशी तर आपले जुने नाते आहे. निजामाच्या राज्यात ते मराठवाड्यातल्या जालन्याला होते आणि 1953 साली हैदराबादेस आले. गावाचे नाव अशी शिवी झाली की त्याचे परिणाम थेट न्यायालयापर्यंत पोचतात. ते कसे, हे पाहू.

1843 साली लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या चिटणिसाला गोळी घालून मारले. वेडाच्या कारणावरून ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले आणि मोठा गदारोळ झाला. त्यातून जे नियम निघाले, त्यांचाच आशय 1860 च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम 84 मध्ये आला. कृत्य करतेवेळी मनोविकृतीमुळे आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे ज्याला कळू शकत नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. भारतीय न्याय संहितेत आता हे कलम 22 आहे.

या तरतुदीतला ‘कृत्य करतेवेळी’ हा शब्दप्रयोग लक्षात ठेवावा. मनोविकारतज्ज्ञ आरोपीला तपासतो तो बहुधा काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी. त्या क्षणी मन कसे होते, हे कळायचे कशावरून? आधीचे उपचार, घरातला पूर्वेतिहास आणि घटनेच्या वेळचे व नंतरचे वागणे, यांवरूनच. आणि वेडाचा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो.

1994 साली महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाने पत्नीचा खून केला. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरले. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याला कलम 84 चा लाभ दिला. वडिलांना मनोविकार होता, त्याच्यावरही आधी उपचार झाले होते, खुनानंतर तो लपला नाही की पळाला नाही, आणि त्या वर्षी जून ते डिसेंबर या काळात त्याला 25 वेळा उपचारांसाठी न्यावे लागले होते, हे सारे न्यायालयाने एकत्र पाहिले. गेलेल्या पत्नीचे दुःख याने तसूभरही कमी होत नाही. पण त्या घराने वडिलांचा आजार लाजेपोटी दडवला असता, तर न्यायालयापुढे काय उरले असते?

आपल्याकडे स्थळ मोडेल म्हणून चिठ्ठ्या फाडल्या जातात. ‘आमच्या घराण्यात असे कुणी नाही’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. एरवी ते अब्रू राखते, पण खटल्याच्या दिवशी तेच आपल्या माणसाच्या विरुद्ध उभे राहते.

तपासणीच्या रीतीलाही इतकेच महत्त्व आहे. कोठडीतून आलेला, मार खाल्लेला किंवा नुसताच भेदरलेला माणूस पहिल्या भेटीत गप्प राहतो. ते मौन लबाडी मानले की निदान चुकते. मुंबईच्या रामन राघव खटल्यात उच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन तज्ज्ञांच्या मंडळाने त्याच्याशी पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास, बोलून मत दिले. इतका सबुरीचा वेळ, आणि आरोपीच्या स्वतःच्या भाषेत विचारलेले प्रश्न, ही काही मेहेरबानी नव्हे. त्याशिवाय अहवालाला किंमत नाही.

2019 साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका कैद्याची फाशी त्याच्या गंभीर मनोविकारामुळे रद्द करून त्याला आजन्म कारावासात ठेवले. त्याचा गुन्हा भयंकर होता, त्यात दोन लहान मुली बळी गेल्या होत्या. तरीही आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क मानून निकालपत्रात त्याचे नाव छापले नाही, फक्त ‘एक्स’ असे लिहिले.

न्यायालय एवढी काळजी घेऊ शकते, तर आपण निदान ‘एर्रागड्डा’ ही शिवी सोडावी. आणि घरातल्या कुणाची जुनी चिठ्ठी कपाटात सापडली, तर ती फाडू नये. तारीख पाहून, इतर महत्त्वाच्या कागदांबरोबर जपून ठेवावी.