पालि वाङ्मयातील शेती आणि नांगरामागचा माणूस

विनयपिटकातील चुल्लवग्गात शाक्य कुळातील महानाम आपला भाऊ अनुरुद्ध याला शेतीची कामे समजावून देतो. नांगरणी, पेरणी, पाणी देणे, पाणी काढणे, खुरपणी, कापणी, मळणी, उफणणी, अखेर धान्य घरात आणणे. आणि पुढील वर्षी पुन्हा तेच. ही कामे कधी संपतच नाहीत, हे ऐकून अनुरुद्ध प्रव्रज्येचा मार्ग पत्करतो. हा उतारा प्राचीन शेतीपद्धतीचे वर्णन म्हणून वाचता येतो. परंतु त्यातील क्रियापदेही लक्षपूर्वक पाहावीत. महानाम 'कसितब्बं' म्हणत नाही, 'कसापेतब्बं' म्हणतो. म्हणजे शेत नांगरावे असे नव्हे, नांगरून घ्यावे. बहुतेक क्रियापदे अशीच प्रयोजक आहेत. प्रत्यक्ष नांगर ज्याच्या हाती होता, तो या वाक्यांत कोठेच नाही.

सुत्तनिपातात मगधातील एकनाळा गावी कसिभारद्वाज ब्राह्मणाचे पाचशे नांगर जुंपलेले दिसतात. संख्या ठोकळ मानली, तरी ते एकट्याने हाकले नसणार! पालि वाङ्मयात वारंवार येणारा 'दास-कम्मकर' हा जोडशब्द याच माणसांचा आहे.

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात मात्र वेगळा विचार आढळतो. राज्यातील लुटारूपणा दंडाने मिटणार नाही. शेती करणाऱ्यांना राजाने बी-बियाणे व अन्न पुरवावे, असा सल्ला तेथे पुरोहित देतो.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा, हे केवळ क्षेत्रफळावरून ठरत नाही. श्रम व भांडवल यांच्याशी त्याचे प्रमाण पाहावे लागते. शेतीवरील माणसांचा भार उद्योगीकरणानेच हलका होईल, असे त्यांनी त्यात मांडले. १९३७ साली त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर शेती हा राज्याचा उद्योग असावा, राज्याने पाणी, अवजारे, खत, बियाणे पुरवावे आणि गावकऱ्यांनी जातिभेदाविना सामुदायिक शेती करावी, अशी योजना आहे. तीत जमीनदार नाही, कूळ नाही आणि भूमिहीन मजूरही नाही.

ती योजना स्वीकारली गेली नाही. १९६० च्या दशकात संकरित बियाणे, रासायनिक खते व पंप आले आणि शेती उद्योगाच्या वाटेला लागली. परंतु भूमिहीनाला या बियाण्याचा उपयोग काय? त्याच दशकात कर्मवीर दादासाहेब गायकवाड भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेतृत्व करीत होते. २०११ च्या जनगणनेत देशात शेतकरी सुमारे ११.९ कोटी आणि शेतमजूर सुमारे १४.४ कोटी नोंदले गेले.