वीस प्रश्न आणि एक सरळ उत्तर

मूल बोलायला लागण्याआधी मान हलवून ‘हो’ आणि ‘नाही’ सांगायला शिकतं. मोठेपणी मात्र आपण हे दोन शब्द टाळायला शिकतो. ‘बघू’, ‘विचार करून सांगतो’, ‘तसं म्हटलं तर आहे’ ही आपली रोजची उत्तरं. अशा उत्तरांना पूर्ण मज्जाव असलेला एक खेळ आहे. एकानं मनात एखादी वस्तू धरायची आणि बाकीच्यांनी वीस प्रश्नांत ती ओळखायची. उत्तर द्यायचं ते फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. आगगाडीच्या लांबच्या प्रवासात किंवा वीज गेलेल्या संध्याकाळी आपल्यापैकी अनेकांनी हा खेळ खेळला असेल. पोरांचा वेळ घालवायचा खेळ म्हणून आपण त्याच्याकडे पाहतो. पण त्याच्या इतिहासात परराष्ट्रमंत्री आहेत, तसेच गणितज्ञही आहेत.

1823 च्या सुरुवातीची गोष्ट. लंडनमध्ये एका भोजनानंतर ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग पाहुण्यांबरोबर हा खेळ खेळले. हे कॅनिंग आपल्याला अगदीच परके नाहीत. 1822 मध्ये हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल म्हणून त्यांची नेमणूक झाली होती आणि निघण्याची तयारीही चालू होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परराष्ट्रमंत्री कॅसलरे यांनी आत्महत्या केली. त्यांची जागा कॅनिंग यांच्याकडे आली आणि ते लंडनलाच राहिले. 1857 साली इथं गव्हर्नर जनरल असलेले लॉर्ड कॅनिंग ते त्यांचे चिरंजीव.

त्या रात्रीच्या खेळाची हकिकत अमेरिकेचे लंडनमधले राजदूत रिचर्ड रश यांनी लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती कळते. तेव्हाचे नियम आजच्याइतके कडक नव्हते. ‘प्राणिज की वनस्पतिज?’, ‘घन की द्रव?’ असंही विचारता येई. वस्तू वनस्पतिज आहे हे कळल्यावरही कॅनिंग यांनी घन की द्रव असं विचारलं, तेव्हा कुणीतरी भाजीच्या सूपवरून कोटी केली. वीस प्रश्न संपले. कॅनिंग थोडा वेळ विचारात पडले आणि मग त्यांनी उत्तर दिलं. ते बरोबर निघालं. वस्तू होती ‘लॉर्ड हाय स्ट्यूअर्ड’ची, म्हणजे राज्याभिषेकासारख्या प्रसंगी नेमल्या जाणाऱ्या दरबारी मानकऱ्याची, हातातली काठी!

पुढं 1843 मध्ये चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्येही हा खेळ आला. तिथं भाचा मनात एक प्राणी धरतो. तो गुरगुरणारा आहे आणि लंडनमध्येच राहतो. तो प्राणी म्हणजे त्याचा कंजूष मामा स्क्रूज! 1946 मध्ये अमेरिकेतल्या म्युच्युअल या रेडिओजाळ्यावर ‘ट्वेंटी क्वेश्चन्स’ सुरू झाला. फ्रेड व्हॅन डेव्हेंटर हे बातमीदार घरी बायकामुलांबरोबर हा खेळ खेळत. तोच त्यांनी रेडिओवर आणला. 1947 मध्ये बीबीसीनंही तो सुरू केला आणि तिथं तो 1976 पर्यंत चालला. बीबीसीनं एक युक्ती केली होती. एक ‘गूढ आवाज’ श्रोत्यांना उत्तर आधीच सांगून टाकी. ते ओळखणाऱ्या मंडळींना तेवढं कळत नसे. म्हणजे लाखो लोकांना उत्तर ठाऊक असे आणि प्रत्येक ‘हो’, ‘नाही’ खरं आहे की नाही, हे ते घरबसल्या तपासू शकत. उत्तर देणाऱ्यावर एवढा मोठा पहारा दुसऱ्या कुठल्या खेळात असेल असं वाटत नाही.

वीस हाच आकडा का, याचं गणित पाहण्यासारखं आहे. चांगला प्रश्न उरलेल्या शक्यता निम्म्या करतो. एका प्रश्नानं दोन गोष्टींतली एक कळते, दोन प्रश्नांनी चारांतली, तीन प्रश्नांनी आठांतली. असं दुप्पट करत गेलं, की वीस प्रश्नांत 10 लाख 48 हजार 576 गोष्टींतली एक नेमकी हाती येते. 1948 मध्ये क्लॉड शॅनन यांनी माहिती मोजण्याचा जो सिद्धांत मांडला, त्याच्या मुळाशी हीच मोजणी आहे. समसमान शक्यतांमधल्या एका ‘हो-नाही’ उत्तरात जेवढी माहिती असते, ती एक ‘बिट’. आपल्या मोबाइलमधले फोटो आणि गाणी शेवटी याच मापानं मोजली जातात.

पण हा सगळा हिशेब उत्तर खरं असेल तरच जमतो. उत्तर देणारा खोटं बोलला तर? पोलिश गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम यांनी 1976 मध्ये आपल्या आत्मचरित्रात नेमका हाच प्रश्न टाकला. एक ते दहा लाखांतला एक आकडा ओळखायचा आहे आणि समोरचा फार तर एकदा खोटं बोलू शकतो. मग किती प्रश्न लागतील? 1987 मध्ये आंद्रे पेल्ट्स यांनी उत्तर सिद्ध केलं : 25. यातली मेख अशी, की समोरचा एकदाही खोटं बोलला नाही, तरी आकडा खात्रीनं सांगायचा तर या जादा प्रश्नांची तयारी ठेवावीच लागते. ‘तो बोलू शकतो’ एवढ्या शंकेची किंमतच पाच प्रश्न आहे!

आम्ही काही जुने मित्र गेली काही वर्षं रविवारी सकाळी मोबाइलवर हा खेळ खेळतो. एक रत्नागिरीत आहे, एक बंगळूरमध्ये आणि एक कॅनडात. त्याची तेव्हा शनिवारची रात्र असते. एकदा बंगळूरच्या मित्रानं मनात हापूस आंबा धरला. वनस्पतिज? हो. खायचं? हो. ‘माणसानं घडवलेलं आहे का?’ यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि शेवटी ‘नाही’ म्हणाला. उत्तर उघड झाल्यावर रत्नागिरीकर उसळला, ‘अरे, नाही कसं? हापूसची कोय लावून हापूस येत नाही. प्रत्येक झाड माणसानं कलम करून लावलेलं असतं. नावसुद्धा पोर्तुगीजांच्या अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलंय!’ दुसरा म्हणाला, ‘पण आंबा तर इथलाच ना?’ अर्धा तास वाद झाला. मग आम्ही नियम केला : प्रामाणिकपणे ‘हो’ही म्हणता येत नसेल आणि ‘नाही’ही, तर उत्तर देणाऱ्यानं ‘प्रश्न बदल’ म्हणायचं. तो प्रश्न मोजायचा नाही. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की या खेळात खरी परीक्षा असते ती उत्तर देणाऱ्याची. सरळ उत्तर द्यायचं तर आपण काय मनात धरलंय, हे आधी स्वतःला नीट ठाऊक असावं लागतं.

1988 मध्ये कॅनडाच्या रॉबिन बर्गनर यांनी हा खेळ संगणकाला शिकवायला घेतला. पुढं तो इंटरनेटवर आला. त्या यंत्राला जगाची माहिती कुणी भरून दिली नव्हती. खेळणाऱ्यांच्या उत्तरांमधूनच ते शिकत गेलं. म्हणजे तिथंही भिस्त खेळणाऱ्यांच्या खरेपणावरच होती.

आता पुन्हा 1823 मध्ये जाऊ. त्या भोजनानंतर काही महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, कॅनिंग यांनी रश यांच्यापुढं एक प्रस्ताव मांडला. दक्षिण अमेरिकेतल्या स्पेनच्या जुन्या वसाहतींमध्ये युरोपातल्या इतर सत्तांनी हात घालू नये, असं ब्रिटन आणि अमेरिकेनं मिळून जाहीर करायचं का? रश यांनी उलट एकच गोष्ट विचारली : त्या नव्या देशांचं स्वातंत्र्य ब्रिटन आत्ता मान्य करणार का? कॅनिंग पुढची आशा दाखवत राहिले. सरळ ‘हो’ काही त्यांच्या तोंडून आलं नाही. संयुक्त जाहीरनामा बारगळला. 2 डिसेंबर 1823 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष मन्रो यांनी आपलं धोरण एकट्यानंच जाहीर केलं. तेच पुढं ‘मन्रो सिद्धांत’ म्हणून इतिहासात गेलं. वीस प्रश्नांत काठी ओळखणाऱ्या कॅनिंगना रश यांच्या एका प्रश्नाचं सरळ उत्तर देता आलं नाही.